संशोधन अस्वीकृत

दगाच्या घरी टीव्ही नेहमीच मोठ्याने लागायचा. सारी हयात पॉवरलूमच्या खात्यात, यंत्रांच्या खडखडाटात, गेलेल्या माणसाचे कान जेवढे उरतात, तेवढेच त्याचे उरले होते. गुजराती मुलखात पोटासाठी आलेल्या मराठी माणसांच्या, लिंबायतच्या त्या गल्लीत निम्म्या घरांची हीच गत. त्यामुळे एकमेकांच्या मालिका सगळ्यांना भिंतीतून फुकटात ऐकू येत आणि कोणी तक्रार करत नसे. पण त्या दिवशी दुपारपासून दगाच्या घरातून लोकसभा ऐकू येत होती. हे काय नवीन खूळ म्हणून शेजारच्या दोन बाया दारातून डोकावल्या. दगा खाटेवर मांडी घालून बसलेला, समोर पडद्यावर हिरव्या बाकांवर खासदार, त्यातले काही पेंगणारे. बाया काही न विचारता परत गेल्या. या घरात हल्ली काही विचारायचं नाही, एवढं गल्लीला कळत होतं.

दिवाळीनंतर दगाचा एकुलता एक मुलगा लखन उधन्याच्या पुलावर ट्रकखाली गेला. दगा रडला नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही. ‘रडून घे, मोकळा हो’ असं सांगायला गावाकडून आलेली माणसंच रडून, चहा पिऊन, मोकळी होऊन परत गेली. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, तेव्हा जीभ आपली, गाल आपला, पण चावला गेला तरी कळत नाही. दगाचं सगळं अंग तसं झालं होतं. जेवण समोर आलं की जेवायचा, वेळ झाली की कामावर जायचा. बायको प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून रडायची तेव्हा तो पंख्याकडे बघत पडायचा, आणि आपल्याला काहीच कसं वाटत नाही याचंही त्याला काही वाटायचं नाही.

तरी एक जागा शिल्लक होती. भेस्तानच्या औद्योगिक वसाहतीत, डाइंग मिलच्या मागच्या अंगाला, लखन जिथे काम करायचा ते केंद्र. दारावर मोठ्या गुजराती अक्षरांत पाटी होती, ‘ऊर्जा संशोधन केंद्र’. तिच्याखाली तेच हिंदीत आणि इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पण वरची ओळ वाचून झाल्यावर खालच्या दोन ओळी वाचत बसायला कोणाला वेळ असतो? संशोधन म्हणजे संशोधन. मराठीत तेच, गुजरातीत तेच. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की दगा छाती फुगवून ‘संशोधन’ म्हणायचा, आणि पुढचं काही विचारायची समोरच्याची टाप नसायची.

लखन मिठातून निघणाऱ्या सोडियमवर चालतील असे सेल बनवायचा, रुपयाच्या नाण्याएवढे, चपटे. ते किती टिकतात हे पाहायला एका लोखंडी कपाटात चिमट्यांमध्ये अडकवून ठेवायचे; मग कपाट त्यांना भरायचं आणि रिकामं करायचं, पुन्हा भरायचं आणि रिकामं करायचं, दिवसरात्र, न थांबता. भरलेलं रिकामं करायचं ह्यात शोध कसला, असं प्रमिलाबाईने एकदा विचारलं होतं. “माय, जो जास्ती टिकी तोच खरा,” लखन म्हणाला होता. तेव्हापासून घरात त्याला मिठाचं कपाट म्हणत. लूमचं खातं बंद पडल्यावर लखननेच बापाला तिथे लावून घेतलं. सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, पाणी भरायचं, सुट्टीच्या दिवशीही एक चक्कर मारून एसी चालू आहे ना ते बघायचं.

लखन गेल्यावर केंद्राच्या प्रमुख जागृतीबेन यांनी ते कपाट तसंच चालू ठेवलं. बाकीच्यांचे सेल कधीच मान टाकून बसले होते, लखनचे चालत होते. बेन दगाला कपाटासमोर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “दगाभाई, आ चाले छे त्यां सुधी लखन चाले छे.” हे चालतंय तोवर लखन चालतोय. बेन शिकलेल्या बाई. त्यांनी ते धीर देण्यासाठी म्हटलं असेल. दगाने ते शब्दशः घेतलं. रोज सकाळी कुलूप काढलं की तो आधी कपाटाकडे जायचा, हिरवे दिवे लागलेले बघायचा आणि मग झाडू हातात घ्यायचा.

आणि आता दिल्लीत त्याचा निकाल लागायचा होता. ऊर्जा संशोधनासाठी सरकारने निधी द्यायचा, त्याचं बिल लोकसभेत आलं होतं. त्यातलं सातवं कलम राहिलं तर भेस्तानसारखी लहान केंद्रं राहतील, नाहीतर टाळं लागेल, असं बेनने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. दगाच्या डोक्यात कलमबिलम काही शिरलं नाही. दिल्लीला संशोधनाचं ठरणार आहे, एवढं पक्कं बसलं. म्हणून अर्धी सुट्टी टाकून तो खाटेवर येऊन बसला होता.

“आवाज कमी करा. आख्खी गल्ली आयकस,” प्रमिलाबाई आतून म्हणाली. दगाने कमी केला नाही.

चर्चा चालली होती, म्हणजे जशी चालते तशी. एक सदस्य सूर्यनमस्कारापासून निघाले आणि बऱ्याच वेळाने सौर ऊर्जेवर पोचले. दुसऱ्यांनी शेर म्हटला, तो त्यांच्याच बाजूच्या लोकांना कळला आणि त्यांनी बाकं वाजवली. एक बाई मात्र पोटतिडकीने बोलल्या, त्यांच्या भागात म्हणे विजेचे खांब आहेत आणि वीज नाही. कोणीतरी विचारलं की संशोधनावर खर्च करून उद्या काय मिळणार ते आज सांगा. कोणीतरी उत्तर दिलं की ते आज सांगता आलं असतं तर खर्च कशाला केला असता. हशा झाला. आपल्या पोराचं काय होणार हे ठरवणारी माणसं अशी पाय पसरून हसतात, याचाही दगाला राग आला नाही. राग यायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं. अनुसंधान, अनुसंधान असा एक शब्द सारखा कानावर येत होता. ते दिल्लीतल्या कुठल्याशा खात्याचं नाव असावं, असं धरून तो वाट बघत राहिला.

मग अध्यक्षांच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, “माननीय सदस्य अपना संशोधन प्रस्तुत करें.”

दगा खाटेच्या कडेला सरकला. मागच्या बाकावरून एक कृश, चष्मेवाले गृहस्थ उठले. हातात कागद होते आणि आवाज बारीक होता. ते भराभर बोलत गेले, मध्येच इंग्रजीत. खंड सात, छोटे केंद्र, विलोपित, असं काहीबाही दगाच्या कानात पडलं. विलोपित हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. पण लहान केंद्रांचं नाव घेणारा हा पहिलाच माणूस, एवढं त्याने हेरलं. मंत्री उठले, गोड हसले आणि म्हणाले, माननीय सदस्यांनी आपलं संशोधन मागे घ्यावं, असा माझा आग्रह आहे. बाईंनी विचारलं, “क्या आप अपना संशोधन वापस लेते हैं?”

“नहीं महोदया,” चष्मेवाले म्हणाले. “मैं वापस नहीं लूँगा.”

दगाला तो माणूस एकदम घरचा वाटला. एवढ्या मोठ्या सभागृहात एकटा उभा आहे, समोर मंत्री आहे, तरी मागे हटत नाही. लखनची कोणी बाजू घेतली असेल तर ती याने.

बाईंनी मताला टाकलं. जे बाजूने असतील त्यांनी ‘हाँ’ म्हणावं. पडद्यावर चार-दोन तोंडं उघडली आणि त्यांच्यासोबत लिंबायतमध्ये दगा म्हणाला, “हाँ.” म्हणाला म्हणजे ओरडलाच. प्रमिलाबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर धावली. दिवाळीपासून या माणसाचा आवाज चढलेला तिने ऐकला नव्हता.

जे विरोधात असतील त्यांनी ‘ना’ म्हणावं. तेव्हा मात्र सगळं सभागृह उठल्यासारखं ओरडलं. ज्या कानांना शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, त्यांना ते ‘ना’ स्वच्छ ऐकू आलं.

“संशोधन अस्वीकृत हुआ,” बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद घेतला.

दगाने टीव्ही बंद केला.

“काय व्हयनं?” प्रमिलाबाईने विचारलं.

“नामंजूर व्हयनं.”

“कोनं?”

“लखननं.”

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. संध्याकाळी दगाच्या फोनवर जागृतीबेनचं नाव दोनदा उमटलं. त्याने फोन उचलला नाही. बेन काय बोलणार ते त्याला पाठ होतं. सांत्वन ऐकून ऐकून त्याचे उरलेसुरले कानही विटले होते.

जेवताना त्याला आपले लूम आठवले. लूमच्या खात्यात एक रीत होती. खातं मोडायचं ठरलं, भंगारवाल्याशी सौदा झाला, की ज्याचा लूम असेल तो कारागीर शेवटचा येऊन आपल्या हाताने ताका, म्हणजे विणून झालेलं कापड, कापून उतरवायचा, घडी घालून ठेवायचा आणि मग खटका पाडायचा. शेठ लोकही एवढं करू द्यायचे. चालत्या लूमवर परक्याचा घण पडू द्यायचा नाही. दगाच्या नशिबी ते आलं नाही. तो साक्रीला चुलत्याच्या मयतीला गेला होता. परत येऊन बघतो तर भंगारवाल्यांनी घण चालवलेले, अर्धा विणलेला ताका लूमच्या अंगावर तसाच, त्यावर लोखंडाचे तुकडे पडलेले. पुढे कितीतरी दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. तेव्हा त्याला वाईट वाटत असे, हेही त्याला आता कोणा दुसऱ्याच्या गोष्टीसारखं आठवलं.

लखनच्या कपाटाला तो घण लागू देणार नव्हता. एवढं एकच त्याने ठरवलं, आणि ठरवल्यावर शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी महावीर जयंती होती. मटणाची दुकानं बंद, केंद्राला सुट्टी. प्रमिलाबाईने नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात भाकरी आणि भाजी दिली. भेस्तानला पोचल्यावर दगाने कुलूप काढलं, पण आज झाडू घेतला नाही. भाकरी त्याने कागदात बांधली, डबा नळावर घासला, सदऱ्याने कोरडा पुसला आणि कपाटापाशी गेला.

हिरवे दिवे लागलेले होते. त्याने ते एकदा नीट बघून घेतले. लखन करायचा तसं त्याने आधी बाजूचं मोठं बटण दाबलं. कपाटाची घरघर थांबली, दिवे विझले. मग ताका उतरवावा तसा एकेक सेल चिमट्यातून काढला. प्रत्येकावर लखनच्या हातचं बारीक ‘ल’ होतं. कपाटाशेजारी सेल ठेवायच्या प्लास्टिकच्या पुड्या पडल्या होत्या, एका पुडीत एक. दगाने त्यांना हात लावला नाही. पोराची शेवटची वस्तू आणि ती प्लास्टिकच्या पुडीत न्यायची, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने सगळे सेल डब्यात गच्च बसवले, वाटेत हलू नयेत, खुळखुळू नयेत म्हणून. झाकण लावलं. केंद्राला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

रिक्षात त्याने डबा मांडीवर घेतला. थोडं अंतर गेल्यावर त्याला जाणवलं की डबा कोमट लागतोय. त्याने दोन्ही तळवे झाकणावर ठेवले. खरंच ऊब होती. उन्हात ठेवला नव्हता, अन्न तर काढून टाकलं होतं. लखन लहान असताना कडेवर झोपी गेला की त्याच्या कपाळाची अशीच ऊब दगाच्या खांद्याला लागायची. रिक्षा खड्ड्यांतून उसळत होती, रिक्षावाला हिंदीत कोणाशी तरी फोनवर भांडत होता, आणि दगाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. किती महिन्यांनी. त्याला बरं वाटलं. आपण योग्य केलं, पोराला घरी आणतोय, असं त्याला वाटलं. लिंबायत येईतो ऊब ओसरली, तरी त्याने हात काढले नाहीत.

“डबामा काय शे?” प्रमिलाबाईने विचारलं.

“लखनना सेल.”

तिने पदर डोक्यावर घेतला. “देव्हाराजोडे ठेवा,” म्हणाली.

त्याने डबा देव्हाऱ्याजवळ ठेवला. तिने हळदकुंकू वाहिलं. मग दोघं जेवली. आज दगाने अर्धी भाकरी जास्त घेतली, आणि ते प्रमिलाबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

उन्हं कलायच्या आत जिन्यावर चपला वाजल्या. जागृतीबेन होत्या. लिंबायतचा तो अरुंद जिना चढून त्या याआधी एकदाच आल्या होत्या, लखनच्या वेळी. आज त्यांच्या हातात मिठाईचा पुडा होता आणि चेहरा हसरा होता. दगाला काही कळेना. प्रमिलाबाईने पाणी दिलं. बेनने पाणी प्यायच्या आधी पुडा उघडला.

“दगाभाई, मोढुं मीठुं करो,” त्या म्हणाल्या आणि पेढा त्याच्या तोंडात कोंबलाच. “फोन तर उचलायचा. आपणुं केंद्र बची गयुं.”

दगा पेढा तोंडात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग हिंदीत म्हणाला, “लेकिन टीवी में तो बोले. संशोधन अस्वीकृत हुआ.”

बेनला हसू फुटलं. मनापासून, खळखळून हसल्या बाई. “अरे दगाभाई, ते हिंदीतलं संशोधन,” त्यांनी आपल्या गुजराती-हिंदीत समजावलं. दिल्लीच्या हिंदीत संशोधन म्हणजे सुधारो, दुरुस्ती. आपल्या संशोधनाला तिथे अनुसंधान म्हणतात. सातवं कलम काढून टाका, लहान केंद्रं बंद करा, अशी दुरुस्ती एका सदस्याने मांडली होती. ती पडली. जवळजवळ सगळ्या सभागृहाने ना म्हटलं. कलम राहिलं, केंद्र राहिलं. “लखनचे सेल आता दुनिया बघेल. एवढे टिकलेले दुसरे कोणाचेच नाहीत.”

अनुसंधान. पाटीवरची दुसरी ओळ. दगाला चष्मेवाला गृहस्थ आठवला, एकटा, मागे न हटणारा, घरचा वाटलेला. त्या गर्जनेतले सगळे लखनच्या बाजूने ओरडत होते, आणि इथे या खाटेवर बसून लखनचा बाप हाँ म्हणाला होता. जी दुरुस्ती दिल्लीने फेटाळली, ती भेस्तानला जाऊन त्याने आपल्या हाताने लागू केली होती.

पेढा गिळवेना आणि थुंकवेना.

“सकाळी मोबाइलवर कपाटाच्या आलेखाची रेघ थांबलेली दिसली,” बेन सांगत होत्या. “मला वाटलं, सुट्टीची लाइट गेली असेल. जरा जाऊन—”

दगाने देव्हाऱ्याकडे बोट केलं. बेनने डबा पाहिला, त्यावरचं हळदकुंकू पाहिलं. त्या समजल्या. आधी घाबरल्या नाहीत. “कंई वांधो नहीं,” म्हणाल्या. “काढले तर काढले. परत लावता येतात. पुन्हा चालू होतील. पुड्यांत ठेवलेत ना?” आणि झाकण उघडलं.

आत सेल एकमेकांना खेटून गच्च बसले होते, स्टीलला स्टील लागून.

“दगाभाई,” त्यांनी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, “डबा गरम झाला होता का?”

“रिक्षात,” दगा म्हणाला. “थोडा.”

“आणि मग?”

“मग गार झाला.”

बेनने एक सेल उचलला, अंगठ्याने त्यावरचं ‘ल’ पुसल्यासारखं केलं आणि परत ठेवला. एकमेकांना आणि डब्याला लागले की ते आतली सगळी वीज एकदम सोडून देतात, त्यानेच डबा तापतो, असं त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. मग पुन्हा भरत नाहीत. लखनने लिहून ठेवल्याप्रमाणे नवे करू, असंही म्हणाल्या. पण नवे ते नवे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि दगालाही. मिठाईचा पुडा कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी तो खाटेवरच राहिला आणि त्या जिना उतरून गेल्या.

प्रमिलाबाईला हिंदी-गुजराती पुरती उमगत नव्हती. बाई हसत आली, पेढे दिले आणि तोंड पाडून गेली, एवढंच तिने पाहिलं होतं.

“काय म्हने ती?” तिने विचारलं.

दगाने पेढा ओंजळीत काढला. मांडीवरची ती ऊब त्याला अजून जाणवत होती. त्याच उबेने त्याला रडवलं होतं, बरं वाटायला लावलं होतं.

“लखन चालू व्हता,” तो म्हणाला. “मीच बंद करी उनू.”

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती उठली, देव्हाऱ्यापाशी गेली आणि उघड्या डब्यावर तिने हात ठेवला. डबा गार होता. तिने झाकण लावलं आणि दगाला पाणी आणून दिलं. दगाने ते घेतलं आणि प्यायला.